मदत हवी आहे: विशेष चौकशीतून राष्ट्राध्यक्ष सुटले ते डावपेचांमुळे की कायद्यामुळे? (तातडीचं!)

तिसरा_बाक
नमस्कार मंडळी. अमेरिकेत स्पेशल काउन्सेलची (म्हणजे खास चौकशीसाठी नेमलेल्या विशेष वकिलाची) एवढी मोठी चौकशी झाली तरी राष्ट्राध्यक्षांवर खटला झाला नाही. हे डावपेचांमुळे झालं की कायद्यामुळे? ठोस मुद्दे हवेत, तारखांसकट. शनिवारी आहे, त्यामुळे प्लीज लवकर. "विकिपीडिया वाच" असं कोणी सांगू नका. वाचलंय, डोकं भणभणलं.

खवचट
शनिवारी काय आहे? लग्न, परीक्षा की खटला?

राजाभाऊ_सातारा
छान विषय. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, पेपरात रोज यायचं. २० ऑक्टोबर १९७३, शनिवारच होता. निक्सनने अ‍ॅटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) रिचर्डसनना सांगितलं, वॉटरगेटची चौकशी करणाऱ्या त्या आर्चिबाल्ड कॉक्सला काढा, कारण कॉक्स ऑफिसातल्या संभाषणांच्या टेप मागत होता. रिचर्डसननी राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालच्या रकल्सहाउसनेही नकार दिला, तोही गेला. तिसरा बोर्क, त्याने सही केली. लोक इतके खवळले की दोन आठवड्यांच्या आत लिऑन जवॉर्स्की नावाचा नवा माणूस नेमावा लागला आणि तो पहिल्यापेक्षा कडक निघाला! पुढे ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन पायउतार झाला, ८ सप्टेंबरला फोर्डने माफी देऊन टाकली. म्हणून खटला झाला नाही. तेव्हा तुझं उत्तर: माफीमुळे. डावपेचही नाही आणि कायदाही नाही.

मृण्मयी_व्हर्जिनिया
राजाभाऊ, सुरेख लिहिलंत, पण धागाकर्त्याने राष्ट्राध्यक्ष कोण ते लिहिलंच नाहीये. निक्सन? क्लिंटन? ट्रम्प? बायडन यांचीही झाली होती, रॉबर्ट हर यांनी केली, फेब्रुवारी २०२४ मध्ये अहवाल आला आणि आरोप ठेवले गेले नाहीत. चारही ठिकाणी उत्तर वेगळं आहे.

तिसरा_बाक
अहो ट्रम्प! दुसरं कोण असणार?

मृण्मयी_व्हर्जिनिया
ट्रम्प यांच्याच दोन आहेत. रॉबर्ट मुलर, २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन ढवळाढवळीची, मे २०१७ ते मार्च २०१९. जॅक स्मिथ, नोव्हेंबर २०२२ पासून. दुसऱ्या वेळी ट्रम्प पदावर नव्हते, आणि तिथे तर आरोपपत्रं दाखल झाली होती.

तिसरा_बाक
मुलर मुलर.

गोविंदराव_वकील
सर्वप्रथम हे समजून घ्यावे की आपल्या राज्यघटनेच्या कलम ६१ नुसार राष्ट्रपतींवर महाभियोग केवळ घटनाभंगासाठी चालवता येतो. त्यासाठी सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीची, चौदा दिवस आधी दिलेली लेखी सूचना लागते आणि ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. आजवर असा एकही महाभियोग चाललेला नाही. धन्यवाद.

खवचट
वकीलसाहेब, फी कुठे पाठवायची?

शालूताई_एडिसन
मुलर म्हटलं की मला आमच्या मंडळाचा २०१८ चा गणपती आठवतो. प्रसादाच्या रांगेत दोन घरं या विषयावरून अशी भांडली की आरतीच्या वेळी एकमेकांकडे पाठ करून उभी. एकाचं म्हणणं मुलर उद्याच बेड्या घालणार, दुसऱ्याचं म्हणणं हे सगळं थोतांड. दोघांपैकी एकानेही काही वाचलेलं नव्हतं. अहवाल आल्यावर आमच्या गावच्या लायब्ररीत छापील प्रत ठेवली होती, मी चाळली. पानंच्या पानं काळे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर कारण लिहिलेलं, 'हार्म टू ऑनगोइंग मॅटर'. ४४८ पानं. आधी ते वाच बाळा, मग लिही.

तिसरा_बाक
ताई, ४४८ पानं शनिवारपर्यंत?? मला चार मिनिटं बोलायचंय फक्त.

निखिल_ठाणे
चार मिनिटं = वादविवाद स्पर्धा. बरोबर? मग बाजू कुठली ते सांग की भावा. आम्ही काय ज्योतिषी आहोत?

तिसरा_बाक
हो, आंतरमहाविद्यालयीन. मी लॉचा. विषय असा: "विशेष चौकशीतून राष्ट्राध्यक्ष सुटले ते डावपेचांमुळे, कायद्यामुळे नव्हे." आम्हाला विरोधी बाजू आलीये. जोडीदारीण सगळी तयारी करत होती, तिला डेंग्यू झाला. म्हणून आयत्या वेळी मी.

खवचट
म्हणजे तुला 'कायद्यामुळे सुटले' हे सिद्ध करायचंय. हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतंस तर राजाभाऊंचा रक्तदाब वाचला असता.

निखिल_ठाणे
वाईट बाजू आलीये तुला, कारण खरं उत्तर डावपेच हेच आहे. मी तेव्हा रात्र रात्र जागून फॉलो केलंय. टप्पे बघ. पहिला टप्पा २०१७ चा, गोडीगुलाबीचा. व्हाइट हाउसचा वकील टाय कॉब म्हणायचा सगळी कागदपत्रं देऊन टाका, थँक्सगिव्हिंगपर्यंत मिटेल. मिटलं नाही. दुसरा टप्पा २०१८ चा. मार्चमध्ये ट्रम्पचा खाजगी वकील जॉन डाउड गेला, एप्रिलमध्ये रुडी जुलियानी आला आणि वकिली टीव्हीवर सुरू झाली. त्याने मे महिन्यात मुलाखतीत कबूलच केलं की हे सगळं जनमतासाठी आहे, कारण शेवटी निर्णय महाभियोगाचा होणार. म्हणजे समोर न्यायाधीश नाही, मतदार आहे असं धरून खेळले. मुलरला प्रत्यक्ष मुलाखत देण्यावरून वर्षाहून जास्त घोळवलं आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये लेखी उत्तरं टेकवली. त्यात तीसहून जास्त वेळा 'आठवत नाही'. त्याच महिन्यात मध्यावधी निवडणूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी अ‍ॅटर्नी जनरल सेशन्सचा राजीनामा घेतला. मग त्या जागी आले विल्यम बार, ज्यांनी आधीच जून २०१८ मध्ये १९ पानी टिपण पाठवून सांगितलं होतं की मुलरचा न्यायात अडथळा आणल्याचा मुद्दा चुकीचा आहे. २२ मार्च २०१९ ला अहवाल बारच्या हातात आला, २४ ला त्यांचं चार पानी पत्र बाहेर. मूळ अहवाल लोकांनी बघितला १८ एप्रिलला, तोही काळे पट्टे मारून. मधल्या साडेतीन आठवड्यांत 'निर्दोष सुटले' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. याला डावपेच नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मृण्मयी_व्हर्जिनिया
निखिल, तारखा सगळ्या बरोबर, निष्कर्ष नाही. बारच्या हातात अहवाल का गेला? कारण नियमच तसा आहे. तिसरा_बाक, हे नीट वाच, तुझी अख्खी बाजू यावर उभी राहते.

केनेथ स्टार यांनी क्लिंटन यांची चौकशी केली ती १९७८ च्या कायद्याखाली. त्या कायद्यानुसार महाभियोगाला पुरेल अशी भरवशाची माहिती मिळाली तर ती थेट प्रतिनिधीगृहाला कळवणं बंधनकारक होतं. म्हणून सप्टेंबर १९९८ मध्ये स्टार अहवाल खोक्यांत भरून संसदेत गेला, मध्ये अ‍ॅटर्नी जनरल नाही. त्या प्रकाराचा दोन्ही पक्षांना इतका वीट आला की जून १९९९ मध्ये त्यांनी तो कायदा मुदत संपल्यावर मरू दिला. त्यानंतर आले न्याय खात्याचे नियम. मुलर यांची नेमणूक त्या नियमांखाली. त्यात विशेष वकील आपला अहवाल गोपनीय म्हणून अ‍ॅटर्नी जनरलला देतो. पुढे काय छापायचं, काय झाकायचं ते अ‍ॅटर्नी जनरल ठरवतो. बार यांनी त्या अधिकाराचा वापर आपल्या साहेबांच्या सोयीने केला असं मलाही वाटतं, पण अधिकार नियमाने दिलेला होता.

आणि मुख्य गोष्ट. पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर फौजदारी आरोप ठेवता येत नाही, हे न्याय खात्याच्या ऑफिस ऑफ लीगल काउन्सेलचं मत १९७३ चं आहे आणि २००० साली पुन्हा पक्कं केलेलं. मुलर खात्याचेच माणूस, त्यांना ते बंधनकारक. अहवालाच्या दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीलाच त्यांनी ते लिहिलंय. आता सांग, ट्रम्प मुलाखतीला बसले असते आणि तिथे ढळढळीत खोटं बोलले असते, तरी पदावर असताना आरोपपत्र निघालं असतं का? नाही. मग मुलाखत टाळण्याच्या डावपेचाने काय वाचवलं?

तिसरा_बाक
वा! हेच हवं होतं. हे छापून टाकतो.

निखिल_ठाणे
छापू नकोस. ते '१९७३ चं मत' म्हणजे कायदा नाही. संसदेने केलेला नाही, कोर्टाने दिलेला नाही. खात्यातल्या वकिलांनी खात्यासाठी लिहिलेलं टिपण आहे. समोरची बाजू पहिल्या मिनिटात हे म्हणणार.

गोविंदराव_वकील
निखिल यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने योग्य आहे. अंतर्गत मत आणि विधी यांत फरक असतो.

मृण्मयी_व्हर्जिनिया
मान्य, पण मग 'कायद्यामुळे' ची व्याख्या पहिल्या तीस सेकंदांत करून टाकायची: घटना, कायदे, नियम आणि खात्यावर बंधनकारक असलेली मतं. व्याख्या आधी मांडली की परीक्षक ती धरून चालतात. आणि पुरावा म्हणून जॅक स्मिथ घ्यायचा. तेच ट्रम्प, पदावर नसताना २०२३ मध्ये दोन आरोपपत्रं. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आले आणि त्याच महिन्यात, २५ तारखेला, स्मिथ यांनी प्रकरणं मागे घेण्यासाठी अर्ज केला. कारण काय दिलं? तेच मत. माणूस तोच, खुर्ची बदलली की निकाल बदलतो.

निखिल_ठाणे
हाहा, स्मिथ काढलास तर मेलास रे तिसऱ्या बाका. वॉशिंग्टनचा, २०२० चा निवडणूक निकाल उलटवण्याच्या प्रयत्नाचा खटला ४ मार्च २०२४ ला उभा राहणार होता. राष्ट्राध्यक्षाला संरक्षण असतं की नाही हा वाद वर सुप्रीम कोर्टात नेला, निकाल १ जुलैला आला, ६ विरुद्ध ३. तोवर निवडणूक दारात. वेळ काढणं हाच डावपेच आणि तो यशस्वी झाला. फ्लोरिडाचं गोपनीय कागदपत्रांचं प्रकरण तर न्यायाधीश कॅनन यांनी स्मिथची नेमणूकच बेकायदा ठरवून जुलैमध्ये फेटाळलं.

मृण्मयी_व्हर्जिनिया
फेटाळलं ते कोर्टाने. संरक्षण दिलं तेही कोर्टाने. म्हणजे कायदाच ना?

खवचट
तुम्ही दोघं शनिवारी या, तिसरा बाक टाळ्या वाजवेल.

शालूताई_एडिसन
मला ज्युरी ड्युटीला बोलावलं होतं मागे, दिवसभर नुसतं बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. पण तिथे एक कळलं, इथे बारा सामान्य माणसं पटल्याशिवाय काही होत नाही. त्यामुळे ट्रम्पना कोर्टात उभं केलं असतं तरी बाराच्या बारा जण एका मताचे मिळाले असते का या देशात? कोणी याचा विचार करत नाही.

ढोल_ताशा
आपल्याकडे बघा. सीबीआयला सुप्रीम कोर्टानेच २०१३ मध्ये पिंजऱ्यातला पोपट म्हटलं होतं. महाराष्ट्राने २०२० मध्ये सीबीआयची सरसकट संमती काढून घेतली, २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर परत दिली. यावर कोणी बोलणार नाही, अमेरिकेवर मात्र पीएचडी.

खवचट
बोलतो की. त्या वेळी तुमच्या लाडक्या

[मजकूर संपादित]

संपादक_मंडळ
इथल्या पक्षांवरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. धागा मदतीचा आहे. त्यासाठी राजकारण विभाग उघडा आहे, तिथे हवी तेवढी कुस्ती खेळा.

तिसरा_बाक
धन्यवाद संपादक. एक अडलंय. समोरचे नक्की विचारणार की मुलरने सरळ समन्स का नाही काढलं? ट्रम्पला काढून टाकायची भीती होती का?

मृण्मयी_व्हर्जिनिया
अहवालात कारण दिलंय. लेखी उत्तरं अपुरी आहेत असं त्यांनी स्वतःच नोंदवलंय. पण समन्स काढलं तर घटनात्मक प्रश्नावर लांबलचक कोर्टबाजी होईल, तपास रखडेल, आणि बाकीचा पुरावा भरपूर आहे, असा हिशोब केला. आकडे लागले तर घे: २,८०० हून जास्त समन्स काढली होती, सुमारे ५०० साक्षीदार. राष्ट्राध्यक्षांना मात्र नाही.

काढून टाकण्याबद्दल: नियमाप्रमाणे विशेष वकिलाला फक्त अ‍ॅटर्नी जनरल काढू शकतो आणि तेही गैरवर्तन, कर्तव्यात कसूर अशा सबळ कारणासाठी. सेशन्स या प्रकरणातून मार्च २०१७ मध्येच बाजूला झाले होते, म्हणून अधिकार त्यांचे डेप्युटी रॉड रोझेनस्टाइन यांच्याकडे. १७ जून २०१७ ला ट्रम्प यांनी व्हाइट हाउसचे वकील डॉन मॅगान यांना घरी फोन करून सांगितलं की रोझेनस्टाइनला कळव, मुलर जायला हवा. मॅगान यांनी ते केलं नाही. राजीनामा द्यायच्या तयारीत होते. पुढे बातमी फुटल्यावर 'असं काही सांगितलंच नव्हतं' असं लिहून दे म्हणून दबाव आला, तेही त्यांनी केलं नाही.

निखिल_ठाणे
बघ! इथे कायदा कुठे वाचवतोय? एका माणसाने फोन ठेवला आणि ऐकलं नाही म्हणून. मॅगान 'हो' म्हणाला असता तर २०१७ मध्येच १९७३ सारखा दुसरा शनिवार झाला असता.

राजाभाऊ_सातारा
तेच तर मी सांगत होतो पहिल्या प्रतिसादात. मॅगानला १९७३ आठवत होतं, बोर्क व्हायचं नव्हतं त्याला. वॉटरगेट बाजूला टाकून हा विषय कळतच नाही.

आणि त्या 'लांबलचक कोर्टबाजी'बद्दल. जवॉर्स्कीने टेपसाठी समन्स काढायला लावलं एप्रिल १९७४ मध्ये. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २४ जुलैला. ८ विरुद्ध ०. तीन महिने! आठांतले तिघे निक्सननेच नेमलेले. निकालानंतर सोळा दिवसांत माणूस घरी. मुलरने २०१७ च्या शेवटी समन्स काढलं असतं तर २०१८ च्या उन्हाळ्यात निकाल हातात असता. घाबरला तो, दुसरं काय.

निखिल_ठाणे
राजाभाऊ, साष्टांग. हा समोरच्या बाजूचा सर्वांत जबरी मुद्दा आहे.

मृण्मयी_व्हर्जिनिया
जबरी आहे, पण त्याला उत्तर आहे. निक्सनकडे मागितल्या होत्या टेप, म्हणजे वस्तू. राष्ट्राध्यक्षाला स्वतः बसून तोंडी जबाब द्यायला भाग पाडता येतं का, हे फौजदारी तपासात सुप्रीम कोर्टाने कधी ठरवलेलंच नाही. क्लिंटन यांनाही स्टारने जुलै १९९८ मध्ये समन्स काढलं होतं, पण ते स्वतःहून तयार झाले म्हणून मागे घेतलं आणि १७ ऑगस्टला व्हाइट हाउसमधूनच कॅमेऱ्यावर ग्रँड ज्युरीपुढे जबाब झाला. प्रश्न कोर्टापर्यंत गेलाच नाही. म्हणजे मुलरपुढे नुसता उशिराचा धोका नव्हता, हरण्याचाही होता.

शालूताई_एडिसन
आणि बाळा, क्लिंटनच्या वेळी झालं काय? नोव्हेंबर १९९८ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सच्या पाच जागा वाढल्या. ज्यांनी मागे लागायचं त्यांचाच सभापती गिंग्रिच गेला. डेमोक्रॅट्सच्या नेत्या पेलोसीबाई ते विसरल्या नव्हत्या. २०१८ ला त्यांचे उमेदवार दारोदार आरोग्य विम्यावर बोलत होते, मुलरवर नाही, आणि चाळीस जागा मिळवल्या. अहवाल यायच्या आधीच मार्च २०१९ मध्ये त्या म्हणाल्या होत्या, महाभियोग नको, त्या माणसासाठी तेवढं करण्यात अर्थ नाही. आमच्या दारावर प्रचाराला आलेल्या मुलीला मी मुद्दाम मुलरचं विचारलं, तिने लगेच माझ्या औषधांच्या खर्चावर गाडी नेली.

तिसरा_बाक
ताई, हे माझ्या बाजूचं की त्यांच्या?

शालूताई_एडिसन
ते तू बघ. मी अनुभव सांगितला.

निखिल_ठाणे
त्यांच्या. खटला नाही तर निदान महाभियोग होता, तोही मुलरच्या अहवालावर झाला नाही कारण विरोधकांनीच राजकीय हिशोब केला. दोन्ही बाजूंचे डावपेच.

मृण्मयी_व्हर्जिनिया
विषयात 'राष्ट्राध्यक्ष सुटले' आहे, कोणाच्या डावपेचांमुळे ते नाही. हे मात्र निखिलचं खरं, हा मुद्दा उचलू नकोस, त्यांनी काढला तरच बोल. 'सुटले' यालाही धक्का दे. अहवालात स्पष्ट आहे की गुन्हा केला असा निष्कर्ष काढत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही.

एक सापळा सांगते. २४ जुलै २०१९ ला मुलर संसदेपुढे साक्षीला आले. सकाळी टेड ल्यू या सदस्याने विचारलं की त्या मतामुळेच तुम्ही आरोप ठेवला नाहीत ना? मुलर 'बरोबर' म्हणाले. ती क्लिप तुला कोणीतरी पाठवेल आणि ती तुझ्या बाजूची वाटेल. वापरू नकोस. दुपारच्या सत्राच्या सुरुवातीलाच त्यांनी ते दुरुस्त केलं: राष्ट्राध्यक्षांनी गुन्हा केला की नाही या निर्णयापर्यंत आम्ही आलोच नाही. समोरच्याला ही दुरुस्ती माहीत असली तर तुझी चार मिनिटं तिथेच संपली.

तिसरा_बाक
बापरे. ती क्लिप कालच सेव्ह केली होती, पहिलं वाक्य तेच ठेवणार होतो.

निखिल_ठाणे
अजून एक. एप्रिल २०१८ मध्ये सिनेटच्या न्याय समितीने मुलरला संरक्षण देणारं विधेयक १४ विरुद्ध ७ ने मंजूर केलं, काही रिपब्लिकन धरून. सिनेटमधला रिपब्लिकन नेता मॅकॉनल, त्याने ते मतदानाला आणलंच नाही. कायदा होऊ न देणं हा कायदा की डावपेच?

मृण्मयी_व्हर्जिनिया
डावपेच. पण मुलरना काढलंच नाही ना शेवटी, मग त्या विधेयकाने निकालात काय फरक पडला असता?

तिसरा_बाक
ठरलं. व्याख्या, १९७३ आणि २००० चं मत, स्टारचा कायदा विरुद्ध मुलरचे नियम, मग स्मिथ. समन्सचं आणि राजाभाऊंच्या तीन महिन्यांचं उत्तर खंडनाला राखून ठेवतो. आता स्मिथ ठेवू की नको? निखिलदादा नको म्हणतो, मृण्मयीताई ठेव म्हणते. उद्या सरांना लिहून द्यायचंय.

निखिल_ठाणे
नको.

मृण्मयी_व्हर्जिनिया
ठेव. फक्त २५ नोव्हेंबरची तारीख आणि कारण, एका वाक्यात. मार्चच्या खटल्याचं नाव काढू नकोस.

राजाभाऊ_सातारा
शनिवारी कुठे आहे स्पर्धा? प्रेक्षकांना प्रवेश असतो का? माझी लेक कोथरूडला असते, आठवडाअखेर मी तिकडेच आहे.

तिसरा_बाक
असतो काका, सकाळी दहाला. पत्ता व्यनि करतो. पण समोरच्या बाजूला ते एप्रिल ते जुलै सांगू नका हं.